आपले कुत्रे बरे आहे

ज्या पत्राला ताबडतोब उत्तर देता येते, ते पत्र फारसे महत्त्वाचे नसते. महत्त्वाच्या पत्राला वेळ द्यावा लागतो. आणि ते फारच महत्त्वाचे असेल, तर त्याला उत्तर न देणे हाच त्याचा खरा मान. या हिशेबाने मला आजवर आलेल्या पत्रांत सर्वांत मानाचे ठरलेले पत्र जनावरांच्या दवाखान्यातून आले होते. ते मी घडी करून चष्म्याच्या घरात ठेवले होते. चष्मा काढून ठेवताना ते रोज हाताला लागे, आणि चष्मा काढलेला असल्यामुळे वाचता येत नसे. ही व्यवस्था मला सोयीची वाटत होती.

पत्र असे होते:

"स.न.वि.वि. आपले कुत्रे बरे आहे. मागचा डावा पाय काढावा लागला. जखम भरली आहे. आपण येऊन आपले कुत्रे घेऊन जावे. लेखी उत्तर न आल्यास नियमाप्रमाणे ते मूळ जागी सोडण्यात येईल. कळावे."

पत्रात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितशोधक होतो, त्यामुळे निर्दोष मजकूर समोर आला की मला काय करावे ते सुचत नाही.

हे पत्र माझ्याकडे कसे आले ते सांगायला हवे. आमच्या इमारतीसमोर रस्ता वळतो आणि त्या वळणावर बस वळते. एके दिवशी सकाळी बस आणि एक कुत्रे एकाच वेळी वळले. या शहरात माणुसकी उरली नाही असे जे म्हणतात, त्यांनी त्या वेळी तिथे असायला हवे होते. पुढे आमच्या इमारतीत जी समिती झाली तिच्या पहिल्या अहवालात (मसुदा माझा, आकडे अध्यक्षांचे) त्या सकाळच्या हळहळीची वर्गवारी दिली आहे, ती अशी:

चुकचुकणे – सत्तेचाळीस जण. (यांतले नऊ जण बसमध्येच बसून, न उतरता.)

'अरेरे' म्हणणे – एकतीस. (दोनदा म्हणणाऱ्यांना एकदाच धरले आहे.)

'कुणाचं आहे हो हे?' असे विचारणे – सव्वीस. (कुणाचेच नाही असे कळल्यावर सव्वीसही जणांना बरे वाटले.)

मोबाइलवर चित्रण करणे – एकोणीस. (एका चित्रणात मागे खिडकी दिसते. खिडकीत पुस्तक हातात धरून उभा असलेला इसम म्हणजे मी.)

'कुणीतरी काहीतरी करायला हवं' – एकशे बारा. म्हणजे हजर असलेले सगळेच.

एकूण हळहळ दोनशे पस्तीस. एका कुत्र्याच्या वाट्याला एवढी हळहळ क्वचितच येते. माणसांच्या बाबतीत तर हा आकडा गाठायला नातेवाईक बोलवावे लागतात. 'कुणीतरी काहीतरी' हा ठराव एकमताने झाला. पण 'कुणीतरी' आणि 'काहीतरी' हे दोघे त्या सकाळी गैरहजर होते.

एवढ्यात माझी ताई बाहेर गेली. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. टेलिफोन खात्यात नोकरी करून निवृत्त झाली, त्यामुळे तिचे बोलणे अजूनही तीन मिनिटांच्या आत संपते. आम्ही दोघेच तळमजल्यावर राहतो. तिने माझ्या खुर्चीवरची राखाडी शाल उचलली, कुत्र्याला तीत गुंडाळले आणि टॅक्सी थांबवली. सीट खराब होईल असे टॅक्सीवाला म्हणाला. सीट धुता येते, असे म्हणून ती आत बसली. दवाखान्यात नाव विचारले तेव्हा तिने माझे नाव आणि पत्ता दिला. का दिला असे मी पुढे घाबरत घाबरत विचारले, तर म्हणाली, "शाल तुझी होती. शिवाय मला पत्रं आलेली आवडत नाहीत. ज्याला बोलायचंय त्याने फोन करावा."

कुत्रे गेले, पण जमलेली हळहळ तिथेच राहिली. आमच्या इमारतीचे अध्यक्ष वजनमापे खात्यातून निवृत्त झाले आहेत. कोणतीही गोष्ट न मोजता पडून राहिलेली त्यांना चालत नाही. त्यांनी त्याच संध्याकाळी 'जखमी श्वान करुणा समिती' स्थापन केली. समितीवर एक डॉक्टर असावा असे ठरले. दुसऱ्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात आणि कुत्र्यांना दात असतात, म्हणून त्यांना उपाध्यक्ष केले. दवाखान्याच्या कागदावर माझे नाव होते म्हणून मला सचिव केले. मला नाही म्हणायचे होते. 'नको' म्हणावे की 'मला जमणार नाही' म्हणावे याचा मी विचार करत होतो, तोवर माझी निवड एकमताने झाली. त्यात माझेही मत धरले होते.

समितीचे पहिले काम म्हणजे पाटी. पेंटरने ती 'करूणा' अशी रंगवून आणली. यातला 'रु' ऱ्हस्व असतो, असे मी हळूच अध्यक्षांना म्हणालो. माझा आवाज इतका लहान आहे की लोक तो ऐकण्यासाठी गप्प बसतात आणि मग मला दरारा आहे असे समजतात. पाटी परत गेली. दुसऱ्यांदा 'करुणा' बरोबर आली, पण 'समीती' आली. तिसऱ्या खेपेला अक्षरे निर्दोष होती, पण कोपऱ्यातल्या कुत्र्याचे शेपूट मांजराचे होते. या काळात दवाखान्यात पायाचे ऑपरेशन झाले. समितीला पाटीच्या कामामुळे येता आले नाही, तरी लाभार्थीस कळवावे, असा निरोप अध्यक्षांनी ताईजवळ दिला. ताईने तो पोचवला की नाही याची नोंद नाही.

(लाभार्थी म्हणजे कुत्रे. समितीच्या कागदपत्रांत आम्ही 'कुत्रे' हा शब्द वापरत नाही. कुत्रे भुंकते. सहानुभूती मिळते ती श्वानाला.)

दुसरे काम म्हणजे मार्गदर्शक सूचना. पुढच्या वेळी गोंधळ होऊ नये म्हणून शहरातल्या श्वानांसाठी त्या तयार करण्यात आल्या. त्यांतल्या काही इथे देतो. श्वानाने शक्यतो इमारतीच्या हद्दीत जखमी व्हावे. हद्दीबाहेरील जखमांचा समिती सहानुभूतीपूर्वक विचार करील, पण विचारच करील. जखम दर्शनी असावी, कारण आतली जखम फोटोत येत नाही. उपचारांच्या वेळी श्वानाने चावू नये (ही सूचना दातांच्या डॉक्टरांची). चावल्यास 'लाभार्थी' ही नोंद रद्द करून 'उपद्रव' अशी करण्यात येईल. बरे झालेल्या श्वानाने कृतज्ञता जरूर दाखवावी, मात्र ती जिभेने दाखवू नये.

या सूचना पाटीखाली लावल्या. त्या कुत्र्यांना वाचता येतील एवढ्या खाली लावाव्यात की माणसांना दिसतील एवढ्या वर, यावर थोडी चर्चा झाली.

आणि मग ते पत्र आले.

मी ते सभेत वाचून दाखवले. वाचून होताच सगळ्यांचे लक्ष माझ्यासारखेच एका शब्दावर गेले.

"आपले म्हणजे तुमचे," अध्यक्ष मला म्हणाले. "पत्र तुमच्या नावाने आहे. सरळ आहे."

दातांचे डॉक्टर स्वभावाने उदार आहेत. "असं कसं? ते सचिव आहेत ना? म्हणजे ते आपल्या सगळ्यांचं. आपलं कुत्रं."

एवढे बोलून त्यांनी चारी बाजूंना पाहिले. कुणीच काही बोलत नाही हे पाहून आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आले असावे. "किंवा नुसतंच आपलं," ते म्हणाले. "म्हणजे बोलायची पद्धत असते ना. मी आपला सहज गेलो. आपलं उगीच. तसं आपलं कुत्रं."

हा तिसरा अर्थ सर्वांना पसंत पडला, कारण त्यात कुत्रे कुणाचेच राहत नाही. मग अध्यक्षांनी माझ्याकडे अधिकारी व्यक्ती म्हणून मत मागितले. मी खरे तेच सांगितले, की तिन्ही अर्थ बरोबर आहेत. माझे हे नेहमीचेच आहे. मला सगळ्यांचेच बरोबर वाटते, म्हणून लोक मला विद्वान समजतात. शेवटी 'आपले' या शब्दाचा दवाखान्याला अभिप्रेत असलेला अर्थ लेखी विचारून घ्यावा आणि ते पत्र सचिवांनी लिहावे, असा ठराव झाला.

मी लिहायला बसलो. 'आपले पत्र मिळाले,' एवढे लिहिले आणि थांबलो. कुणाचे पत्र? ज्या शब्दाचा अर्थ विचारायचा तोच पहिला येऊन बसला होता. तो खोडून 'तुमचे' लिहिले, तर ते उर्मट दिसू लागले. शेवटी पुन्हा 'आपला नम्र' म्हणून सही करणे आलेच. म्हणजे कुत्रे आपले नाही असे लिहायचे आणि स्वतः मात्र आपला म्हणून खाली उभे राहायचे. हे मला जमेना. मी कागद फाडला. दुसरा घेतला, तोही फाडला. मग पत्र चष्म्याच्या घरात गेले.

ताई एक दिवसाआड जुने टॉवेल घेऊन दवाखान्यात जात असे. मी कधी गेलो नव्हतो. उत्तर दिल्याशिवाय भेटायला जाणे मला प्रशस्त वाटत नव्हते. ती आली की विचारी, झाले का पत्र.

"एक शब्द अडलाय," मी म्हणे.

"तिकडे एक कुत्रं अडलंय," ती म्हणे आणि हातपाय धुवायला जाई.

मग एका गुरुवारी आत न जाता ती माझ्यासमोर बसली आणि सांगू लागली. दवाखान्यातले सगळे पिंजरे भरले होते. दाराशी एक माणूस भाजीच्या टोपलीत कुत्रे घेऊन सकाळपासून बसला होता. लेखी उत्तर आले नाही, तर सोमवारी दुपारी दवाखान्याची गाडी आपले कुत्रे मूळ जागी सोडणार होती. मूळ जागी म्हणजे कुठे, असे मी विचारले.

"जिथून उचललं तिथं," ताई म्हणाली. "वळणावर. बसच्या रस्त्यात. तीन पायांवर."

मी हे अध्यक्षांना जाऊन सांगितले. मला वाटले होते की ते हादरतील. पण त्यांना मोकळे झाल्यासारखे वाटले. 'आपले' या शब्दाचा घोळ आता आपोआप मिटत होता, आणि मूळ जागा ही मोजता येण्यासारखी गोष्ट होती. शुक्रवारी सकाळी त्यांनी दिव्याच्या खांबापासून टेप धरली. साक्षीदारांत एकमत होईना, तेव्हा सगळ्यांच्या म्हणण्याची सरासरी काढली आणि रस्त्याच्या मधोमध पांढऱ्या रंगाने एक वर्तुळ काढले. फुटपाथवर खुर्च्या कुठे मांडायच्या, फोटो कोणत्या बाजूने घ्यायचा, लाभार्थीचे पुनर्वसन करताना दोन शब्द कोण बोलणार, हेही ठरले. रंग वाळेपर्यंत बस वर्तुळावरून चारदा गेली.

"पाहिलंत?" अध्यक्ष समाधानाने म्हणाले. "बस बरोबर त्याच्यावरूनच जातेय. म्हणजे जागा अचूक आहे."

मी घरी आलो आणि खिडकीशी पुस्तक घेऊन बसलो. एक पान वाचायला फार वेळ लागला. पुस्तक उलटे नव्हते. ताईने चपला घातल्या तेव्हा मीही घातल्या. तिने टॉवेलांची पिशवी माझ्या हातात दिली.

दवाखाना म्हणजे एक लांबट खोली, एक लोखंडी टेबल आणि भिंतीशी दोन मजल्यांत रचलेले पिंजरे. जंतुनाशकाचा आणि ओल्या केसांचा वास होता. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांची बोटे औषधाने पिवळी झाली होती आणि त्या टोपलीतल्या कुत्र्याच्या कानामागे टाके घालत होत्या. टोपलीवाल्याने कुत्र्याचे तोंड धरले होते आणि स्वतःचे डोळे मिटले होते. मी टाके संपेपर्यंत थांबलो. मग माझी ओळख सांगितली, घडी उघडली आणि त्या शब्दावर बोट ठेवून विचारले, की इथे आपल्याला नेमके काय म्हणायचे आहे.

त्यांनी आधी ताईकडे पाहिले. ताई छताकडे पाहत होती.

"काका, आपले म्हणजे तुमचे," त्या म्हणाल्या. "वयाने मोठे आहात म्हणून आदराने लिहिलं. 'तुझं कुत्रं घेऊन जा' असं लिहिलं असतं, तर तुम्ही तेव्हाच आला असता."

यात व्याकरणाची चूक काढता येण्यासारखी नव्हती.

लाभार्थी खालच्या पिंजऱ्यात होते. तिथे त्याला 'तिपाई' म्हणत. ताईचा आवाज ऐकून ते उठले. तीन पायांवर उभे राहायचे म्हणजे बराच खटाटोप असेल अशी माझी समजूत होती. तसे काही झाले नाही. ते उभे राहिले, एकदा तोल गेला, पुन्हा सावरले आणि ताईला सोडून माझ्याकडे बघू लागले. पिंजऱ्यात खाली माझी राखाडी शाल होती. ती कुरतडलेली होती. मी "बरे आहे ना?" असे विचारले. पत्राची पहिली ओळ तीच होती.

निघताना डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे हातोहात दिलेले उत्तर त्यांचा कारकून घेत नाही, त्यावर टपालाचा शिक्का लागतो. पोस्टमन सोमवारी सकाळी येतो आणि गाडी दुपारी निघते. तेव्हा पत्र शनिवारी सकाळच्या टपालात पडायला हवे. दुसरी गोष्ट सांगताना त्या जरा संकोचल्या. तुम्ही शुद्धलेखन तपासता असे ताई म्हणत होत्या, एवढी पत्रे नजरेखालून घालून टपालात टाकाल का, असे म्हणून त्यांनी माझ्या पिशवीत पाकिटांचा गठ्ठा ठेवला.

टॅक्सीत ताई म्हणाली, "काही बोलला नाहीस."

"विचार करतोय."

"कर, बाळ्या. सोमवार दुपारपर्यंत कर."

संध्याकाळी सोमवारच्या कार्यक्रमासाठी सभा होती. दोन शब्द बोलणाऱ्यांची यादी चालू असताना मी हात वर केला. मी सभेत हात वर केल्याचे हे पहिलेच उदाहरण असल्यामुळे दातांच्या डॉक्टरांनी मला पाणी दिले. मी म्हणालो, की ते कुत्रे मी घरी आणावे म्हणतो.

अध्यक्षांना माझे कौतुक वाटले आणि तसे ते म्हणालेही. पण इमारतीचे नियम आहेत, ते म्हणाले. नियम त्यांनीच केले होते. त्यांनी फाइल उघडून संबंधित नियम वाचला: "इमारतीत कोणताही चतुष्पाद प्राणी पाळता येणार नाही."

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुराला समासात, पेन्सिलीने, अगदी बारीक अक्षरात हरकत घेत आलो; तोंडाने कधी घेतली नाही.

"चतुष्पाद म्हणजे चार पायांचा," मी म्हणालो.

"मग?"

"याला तीन आहेत."

अध्यक्षांनी नियम पुन्हा वाचला. मग मनातल्या मनात वाचला. वजनमापे खात्यात त्यांनी हयात घालवली होती आणि तीन म्हणजे चार नव्हेत हे त्यांना नाकारता येईना. नियम बदलावा लागेल, ते म्हणाले. बदलायला सर्वसाधारण सभा लागते आणि ती वर्षातून एकदा असते, असे दातांचे डॉक्टर म्हणाले. (गेली सोळा वर्षे तिला कोरम झालेला नाही.) शेवटी सोमवारचा कार्यक्रम वर्तुळाऐवजी आमच्या दारात करावा असे ठरले. दोन शब्दांची यादी तीच राहिली.

शनिवारी सकाळी मी लवकर उठून लिहायला बसलो. या खेपेला कागद फाडावा लागला नाही. 'आपले पत्र मिळाले. सोमवारी माझे कुत्रे न्यायला येतो आहे. आपला,' आणि सही. ताईने खांद्यावरून वाचले. लहान आहे, तीन मिनिटांत बसते, असे ती म्हणाली.

वेळ होता म्हणून डॉक्टरीणबाईंचा गठ्ठाही तपासून टाकला. तिथे आणखी अकरा कुत्री बरी झाली आहेत. एकीचा डोळा गेला आहे, एकाचा जबडा वाकडा बसला आहे, बाकीची लंगडतात. पत्रे सगळी सारखीच: 'आपले कुत्रे बरे आहे. आपण येऊन आपले कुत्रे घेऊन जावे.' दोन ठिकाणी 'येवून' होते, ते 'येऊन' केले. एका ठिकाणी पूर्णविराम राहिला होता, तो दिला. 'आपले' हा शब्द मात्र तसाच ठेवला आहे.

मग मी टपालपेटीपर्यंत गेलो आणि माझे उत्तर आत टाकले. ते तळाला पडल्याचा आवाज आला. त्यामागोमाग बाकीची अकरा पत्रेही टाकली. आपल्याला ती एक-दोन दिवसांत मिळतील.